सोयाबीनला गाठी भरपूर, तरी पान पिवळं. पाकिटातल्या जिवाणूंचं शेतात नक्की होतं काय?

भांडुपकर_औसा
नमस्कार मंडळी. राहायला भांडुपला आहे, गाव औसा तालुक्यात. शेती धाकटा भाऊ बघतो, मी महिना-दीड महिन्याने रात्रीची लातूर एक्सप्रेस धरून जाऊन येतो, बाकी सगळं व्हिडिओ कॉलवर. यंदा मीच मागे लागून दोन एकराच्या बियाण्याला रायझोबियमची (मुळावर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूंची) पाकिटं लावायला लावली, तीस किलोच्या पिशवीला तीन पाकिटं, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून. तिसऱ्या एकराला वेळ नव्हता म्हणून तसंच पेरलं. आज ३८ दिवस झालेत. भावाने काल दोन्हीकडची झाडं उपटून कॅमेऱ्यासमोर धरली तर दोन्हीकडं गाठी! आणि पिवळेपणाही दोन्हीकडं. भाऊ म्हणतो, दादा पैसे गेले की. मला दोन गोष्टी कळत नाहीत. पाकीट न लावलेल्या एकरात गाठी आल्या कशा? आणि गाठी आहेत तर पान पिवळं का? कुणाला खरंच माहीत असेल तर सांगा, कारण पुढच्या वर्षी भाऊ पाकीट हातात धरणार नाही.

वाशीम_ते_अंधेरी
आमच्याकडं तीन वर्षं करून बघितलं, काही फरक नाही. त्यापेक्षा युरियाची एक गोणी फेका, २६६ रुपये ५० पैशांत काम होतं, आठ दिवसात हिरवंगार. पाकिटात राख असते की काय देव जाणे.

गाठीतलं_जग
भांडुपकर, तुमच्या पहिल्या प्रश्नातच अर्ध्या उत्तराची जागा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी इथे मुंबईत एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते, आणि एमएस्सीला दोन वर्षं सोयाबीनच्या गाठींमधले जिवाणू वेगळे करण्यातच गेली.

गाठ म्हणजे जिवाणूंचं घर. पण घरात कोण राहतंय ते बाहेरून कळत नाही. सोयाबीनला गाठ करणारा जिवाणू एकच नाही. ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम हे नाव सगळ्या पाकिटांवर असतं, पण त्याच्या जोडीला एल्कानी आहे, लिआओनिंगेन्स आहे, युआनमिंगेन्स आहे, डायझोएफिशियन्स आहे, आणि चीनमधून ओळखला गेलेला भराभर वाढणारा एन्सिफर फ्रेडी वेगळाच. भारतातल्या वेगवेगळ्या हवामानाच्या भागांमधल्या सोयाबीनच्या गाठींवर जे काम झालंय त्यात युआनमिंगेन्स आणि लिआओनिंगेन्स वारंवार सापडले. म्हणजे आपल्या मातीत आपली वेगळी वस्ती आहे.

ती आली कुठून? सोयाबीन आपल्याकडं मोठ्या प्रमाणावर आलं ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत, पण तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग हे तुमच्या औशाच्या जमिनीत किती पिढ्यांपासून आहे. या पिकांच्या मुळांवर राहणारे जिवाणूही ब्रॅडीरायझोबियमच, आणि त्यातल्या काहींना सोयाबीनचं दारही उघडतं. शिवाय आधीच्या वर्षांत कुणी ना कुणी पाकिटं लावलेली असतात, ते जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून तिसऱ्या एकरात गाठी आल्या. हरभऱ्याचा जिवाणू मात्र वेगळा, मेसोरायझोबियम, त्याचा सोयाबीनला उपयोग नाही. पाकिटावर पिकाचं नाव बघून घ्यायचं ते यासाठीच.

आता दार उघडलं म्हणजे काम केलं असं नाही. काही जिवाणू गाठ करतात, आत राहतात, झाडाची साखर खातात आणि नत्र अगदी थोडं देतात. आम्ही त्यांना अकार्यक्षम म्हणतो. दोन्हीकडं गाठी आहेत यावरून काहीच ठरत नाही. भावाला सांगा ब्लेडने गाठ मधोमध कापायची. आत लालसर गुलाबी, मांसासारखा रंग दिसला तर गाठ चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंदच. आत पांढरी असेल तर एकतर कोवळी नाहीतर निकामी. हिरवट-करडी असेल तर म्हातारी झालेली.

मुलुंडचा_निवृत्त
मॅडमनी छान सांगितलं. मी कृषी खात्यात ३१ वर्षं काढली, आता मुलाकडं मुलुंडला असतो. भांडुपकर, मला तुम्ही तीन गोष्टी सांगा. पिवळं पान वरचं कोवळं की खालचं जून? शिरा हिरव्या राहिल्यात का? आणि पिवळेपणा सगळ्या रानात की पट्ट्यापट्ट्यात?

दुसरं, पाकीट कुठून घेतलं नका सांगू, पण दुकानात कुठं ठेवलं होतं ते आठवतंय का? मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेलं पाकीट मी किती पाहिलंय. आत जिवंत काही उरत नाही, आणि शेतकरी म्हणतो रायझोबियम बोगस. वाशीमकरांनी लिहिलंय तसं राख नसते हो, लिग्नाइटची भुकटी असते, काळी असते म्हणून राखेसारखी वाटते.

क्रमही विचारा भावाला. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळं सुकल्यावर अगदी शेवटी जिवाणू. उलटं केलं किंवा एकत्र कालवलं तर औषधाने जिवाणू मेले. जिवाणू लावलेलं बी त्याच दिवशी पेरायचं, उन्हात पसरायचं नाही.

भांडुपकर_औसा
काका, भावाला विचारलं. वरचं पान पिवळं, शिरा हिरव्या, असं चुनखडीच्या पट्ट्यात जास्त. आणि वरच्या बाजूला बांधालगत पाणी साचलं होतं तिथं सगळंच झाड फिक्कं, खालची पानंसुद्धा. बुरशीनाशक बियाण्याला कंपनीकडूनच लागून आलं होतं, त्यावर पाकीट लावलं. पाकीट दुकानात कपाटात होतं एवढंच आठवतंय.

मुलुंडचा_निवृत्त
मग यात दोन वेगळी दुखणी एकत्र दिसतायत. वरचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या हे लोहाचं, नत्राचं नाही. चुनखडीत लोह असतं पण मुळाला मिळत नाही. नत्र कमी पडलं की खालचं जून पान आधी फिक्कं होतं आणि शिरेसकट होतं. चुनखडीच्या पट्ट्यावर फेरस सल्फेटची ०.५ टक्क्याची फवारणी घ्या, वापसा आल्यावर (जमिनीतलं जादा पाणी ओसरल्यावर), सकाळी किंवा संध्याकाळी. त्यासाठी युरिया टाकून काही होणार नाही.

पाणी साचलेल्या ठिकाणी गाठीला हवा मिळत नाही, ती काम थांबवते. पुढच्या वर्षी तिथं रुंद वरंबा सरी करा, म्हणजे उंच पट्ट्यावर पीक आणि बाजूच्या सरीतून पाणी बाहेर.

गाठीतलं_जग
काका, लोहाचं तुम्ही बोललात ते फार महत्त्वाचं. नायट्रोजनेज हे जे एंझाइम हवेतलं नत्र तोडतं त्यात लोह आणि मॉलिब्डेनम लागतं, आणि लेगहिमोग्लोबिनमध्येही लोह लागतंच. म्हणजे चुनखडीत पानाबरोबर गाठही उपाशी राहते.

पाणी साचण्याचं असं की या एंझाइमला प्राणवायूचं वावडं आहे, त्याच्या संपर्कात ते बिघडतं, पण जिवाणूला जगायला प्राणवायू हवाच. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवतं, प्राणवायू धरून ठेवतं आणि मोजून मोजून देतं. पाणी साचलं की मोजून द्यायलाही काही उरत नाही.

वाशीम_ते_अंधेरी
ठीक आहे, राख म्हणालो ते मागे घेतो. पण माझा मुद्दा तसाच आहे. पाकीट चांगलं, क्रम बरोबर, सगळं नीट केलं तरी फरक दिसत नाही असे शेतकरी मला पन्नास दाखवता येतील. का दिसत नाही?

गाठीतलं_जग
हा प्रश्न जगभर लोकांना सतावतोय, त्यामुळे तुमचे पन्नास शेतकरी खोटं बोलत नाहीत. हिशेब करून दाखवते.

आपल्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी. २५० ग्रॅमच्या पाकिटात झाले १,२५० कोटी. दहा किलो बियाण्यात साधारण ८०-८५ हजार दाणे, म्हणजे एका दाण्याच्या वाट्याला दीड लाख. ऐकायला भरपूर आहे. आता मातीकडं बघा. एकराच्या वरच्या सहा इंचात साधारण ८ लाख किलो माती. तुमच्या रानात बरीच वर्षं सोयाबीन आहे, समजा दर ग्रॅमला १० हजार जुने जिवाणू आहेत. गुणाकार केला तर एकरात ८ लाख कोटी. तुमच्या तीन पाकिटांतले सगळे मिळून ३,७५० कोटी. म्हणजे एका नव्यामागे दोनशेच्या वर जुने, आणि ते जुने सगळ्या मातीभर पसरलेले, तिथल्या उन्हाला आणि चुनखडीला सरावलेले. नवा मात्र बियाच्या सालीवर बसलेला. मूळ खाली आणि बाजूला पसरत गेलं की ते जुन्यांच्याच मुलखात जातं.

म्हणून पाकिटातल्या जिवाणूने केलेल्या गाठी बहुधा सोटमुळाच्या वरच्या भागात, बियाजवळ असतात, मोठ्या असतात, आणि जुन्यांच्या बाजूच्या मुळ्यांवर विखुरलेल्या. ही खूण शंभर टक्के नाही पण शेतात उपयोगी पडते. जमिनीत ग्रॅमला मूठभरच जिवाणू असतील तर पाकीट लावल्याचा फरक डोळ्यांनी दिसतो, पण तेच काही दहांच्या घरात गेले की फरक झपाट्याने कमी होतो, हे हवाईतल्या प्रयोगांत दिसलंय. जुनेच चांगले काम करणारे असतील तर पाकीट लावून वेगळं काही दिसणार नाही, आणि त्यात वाईटही काही नाही. अडचण तेव्हा, जेव्हा जुने संख्येने भरपूर, शर्यतीत तरबेज आणि नत्र देण्यात कच्चे असतात. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात हेच झालं. तिथे १२३ नंबरच्या गटाचे जिवाणू गाठी बळकावून बसले आणि प्रयोगशाळेत सरस ठरलेले जिवाणू शेतात मागे पडले.

युरियाचं म्हणाल तर एक टन सोयाबीन दाण्याला साधारण ८० किलो नत्र लागतं. एकरी आठ क्विंटल धरलं तर ६४ किलो. एका गोणीत नत्र असतं २१ किलोच्या आसपास. तुमची एक गोणी गेली तरी उरलेलं कुठून येतं? हवेतून, गाठीतून, आणि थोडं जमिनीतून. वर अशी गोणी टाकली की झाडाला आयतं नत्र मिळतं आणि ते नव्या गाठी करणंच आवरतं घेतं. आठ दिवसांचा हिरवेपणा दिसतो, पण शेंगा भरायच्या वेळी जेव्हा खरी भूक असते तेव्हा गाठी कमी पडतात. पेरताना थोडं नत्र द्यायला हरकत नाही, शिफारशीत आहेच.

चेंबूरचा_वारा
मी चेंबूरला राहतो, आरसीएफ खत कारखान्याच्या चिमण्या घरातून दिसतात, आयुष्य त्याच उद्योगात गेलं. अमोनिया करायला ४००-५०० अंश तापमान आणि दीडशे-दोनशे वातावरणांचा दाब लागतो, आणि हे काम मुळावरची वाटाण्याएवढी गाठ पावसाळी मातीत करते, यावर मी तरुणपणापासून विचार करत आलोय. तरी गाठीलाही ते फुकट नाही ना? झाड किंमत मोजतच असेल.

आणि मॅडम, सरळ प्रश्न. सगळ्यात चांगला जिवाणू निवडून तोच सगळ्या महाराष्ट्राला का देत नाहीत?

गाठीतलं_जग
किंमत आहे, आणि मोठी आहे. नत्राचा एक रेणू तोडायला १६ एटीपी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेची नाणी, लागतात, आणि त्यासाठीची सगळी साखर पानातून येते. म्हणून पान सावलीत गेलं, कीड लागली, पाऊस लांबला की पहिली झळ गाठीला. आणि म्हणूनच झाड आळशी गाठींना फार दिवस पोसत नाही. २००३ साली अमेरिकेत एक सुंदर प्रयोग झाला. सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतलं नत्र काढून टाकलं, म्हणजे तिथल्या जिवाणूंची इच्छा असली तरी ते देऊ शकणार नाहीत. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तिथले जिवाणू कमी वाढले. मला हे वाचून आजही अंगावर काटा येतो. पण ही शिक्षा गाठ झाल्यानंतरची आहे, दारात उभा असताना कोण कामाचा आणि कोण नाही हे झाडाला नीट ओळखता येत नाही.

एकच जिवाणू सगळीकडं का नाही, याची कारणं बरीच आहेत. वाणागणिक पसंती वेगळी असते. सोयाबीनमध्ये आरजे नावाची जनुकं आहेत, ती असलेली वाणं ठरावीक जिवाणूंना गाठच करू देत नाहीत. त्यामुळे जेएस ३३५ या वाणावर जो जिवाणू चांगला तो फुले संगमवर तसाच चालेल असं गृहीत धरता येत नाही, तपासावं लागतं. तुमच्या शेजारच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर टीएएमएस ३८ वाण आणलं, त्यालाही हेच लागू. मग माती. काळ्या चुनखडीच्या जमिनीत टिकणारा जिवाणू कोकणच्या आंबट लाल मातीत टिकेलच असं नाही. तापमान, ओल, सगळं बदलतं. एल्कानी जातीतले काही जिवाणू तर रायझोबिटॉक्सिन नावाचं द्रव्य सोडतात, त्याने सोयाबीनची नवी पानं पिवळी पडतात. म्हणजे गाठीतल्या पाहुण्यामुळेच पिवळेपणा.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात रंजक वाटते. यूएसडीए ११० हा जगभर वापरलेला जिवाणू. २००२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याचं पूर्ण जनुकीय पुस्तक वाचलं, ९१ लाख अक्षरं आणि ८,३१७ जनुकं. त्यात गाठ करायची आणि नत्र बांधायची बरीचशी जनुकं ६ लाख ८१ हजार अक्षरांच्या एका तुकड्यात एकत्र आहेत, त्याला सहजीवनाचं बेट म्हणतात. अशी बेटं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडं जाऊ शकतात. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकात हे नव्वदच्या दशकात पकडलं गेलं, लावलेल्या जिवाणूचं बेट तिथल्या मातीतल्या, गाठ न करणाऱ्या जिवाणूंनी घेतलं आणि ते गाठी करू लागले. म्हणजे पाकिटातला जिवाणू मेला तरी त्याची विद्या मातीत राहू शकते, चांगल्या हातात किंवा कच्च्या हातात.

म्हणूनच विविधता मोजायची तर एका जनुकावर भागत नाही. १६एस हे जिवाणू ओळखायचं नेहमीचं जनुक ब्रॅडीरायझोबियममध्ये इतकं सारखं असतं की दोन जाती वेगळ्या ओळखू येत नाहीत. मग रेकए, जीएलएनटू अशी घरची (पेशीच्या रोजच्या कामाची) जनुकं, गाठीसाठी नॉडसी, नत्रासाठी निफएच, आणि एकाच जातीतले वेगवेगळे जिवाणू ओळखायला बॉक्स-पीसीआरचे, म्हणजे डीएनएचे, ठसे असं सगळं लावावं लागतं. कधी घरची जनुकं एक जात सांगतात आणि नॉडसी दुसऱ्याच घराण्याचं निघतं. हेच ते बेट.

मुलुंडचा_निवृत्त
ब्राझीलचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्यांच्याकडंही सोयाबीन बाहेरूनच आलं. योहाना डोबराइनर या बाईंनी तिथं आग्रह धरला की सोयाबीनला खताचं नत्र नको, जिवाणूच द्या. त्यांनी आपल्याच जमिनीत रुळलेल्या जिवाणूंमधून पुन्हा पुन्हा निवड केली. मारियांजेला हुंग्रिया यांनी ते काम पुढं नेलं, २०२५ चं वर्ल्ड फूड प्राइझ त्यांना मिळालं. जुने जिवाणू भरपूर असलेल्या जमिनीतही दरवर्षी ताजं संवर्धक (जिवाणूंचं पाकीट) लावलं तर सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास वाढ मिळते असं त्यांचे प्रयोग सांगतात. ८ टक्के डोळ्याला दिसत नाही, काट्यावर दिसतं. वाशीमकर, तुम्ही तीन वर्षं वेगवेगळं वजन केलं होतं का?

वाशीम_ते_अंधेरी
नाही काका. नजरेनेच बघितलं.

डोंबिवली_गॅलरी
मी शेतकरी नाही, बँकेत आहे, पण हा धागा वाचून गेल्या वर्षीचं आठवलं. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी गॅलरीत चार कुंड्या केल्या होत्या. दोन कुंड्यांत नर्सरीतलं कोकोपीट, दोन कुंड्यांत मामाच्या सांगलीच्या शेतातली माती. प्रत्येकी एकात पाकीट लावलेलं बी, एकात साधं. पाचव्या आठवड्यात उपटली. कोकोपीटमध्ये साध्या बियाला एकही गाठ नाही, झाड फिक्कं, दोन पानं गळालेली. कोकोपीट अधिक पाकीट, सोटमुळावर वरच्या बाजूला झुपका, आत लाल. आणि शेतातल्या मातीत दोन्हीकडं गाठी, आम्हाला काही फरक सांगता आला नाही. मुलीने वहीत 'मातीत आधीपासून जिवाणू होते' असं लिहिलं. बाईंनी विचारलं कशावरून, तर तिने कोकोपीटची कुंडी दाखवली.

गाठीतलं_जग
डोंबिवलीकर, मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. कोकोपीटची बिनपाकिटाची कुंडी नसती तर बाकी तीन कुंड्यांवरून काहीच बोलता आलं नसतं.

भांडुपकर_औसा
मंडळी, शनिवारी जाऊन आलो. म्हणजे अजून गावातच आहे, आज रात्रीच्या गाडीने निघतो. या वेळी झाडं उपटली नाहीत, कुदळीने ढेकळासकट काढली आणि बादलीत भिजवून मुळं मोकळी केली, कारण उपटताना गाठी मातीतच राहतात हे आत्ता कळलं. पाकीट लावलेल्या रानातली दहा झाडं, न लावलेल्यातली दहा, आणि पाणी साचलं होतं तिथली पाच. भाऊ, आई आणि मी ओट्यावर बसून ब्लेडने कापत होतो, दुपार गेली.

पाकीट लावलेल्यात दहापैकी सात झाडांना सोटमुळावर वरती मोठ्या गाठी, हरभऱ्याएवढ्या, कापल्या की लाल. बाजूच्या मुळ्यांवर बारीक पण होत्या. न लावलेल्यात गाठींची संख्या उलट जास्त! पण बारीक बारीक, बाजूच्या मुळ्यांवर, आणि कापल्यावर निम्म्याच्या वर पांढऱ्या नाहीतर हिरवट. भाऊ गप्प झाला. व्हिडिओवर मला दिसल्या होत्या त्या याच, जास्त गाठी बघून मला वाटलं होतं की बिनपाकिटाचंच रान बरं. पाणी साचलेल्या पाच झाडांत गाठी काळपट, दाबल्या की फुटतात.

चुनखडीच्या पट्ट्यावर मागच्या आठवड्यात फेरस सल्फेट मारलं होतं, नवीन पानं हिरवी निघतायत. म्हणजे काका, तुम्ही म्हणालात तसंच, तिथला पिवळेपणा नत्राचा नव्हताच. आम्ही तिन्ही गोष्टी एकात मोजत होतो.

काढणीला तिसऱ्या एकराची रास वेगळी करायची भावाने कबूल केलंय, पाणी साचलेला कोपरा दोन्हीकडून सोडून. वजन इथेच टाकतो.

मॅडम, एक विनंती. दोन्ही रानांतल्या गाठी घेऊन आलो तर तुमच्या विद्यार्थ्यांना त्यातले जिवाणू बघता येतील का? आमच्या रानात नेमकं कोण राहतंय ते मला बघायचंय. दादरला उतरतो सकाळी.

गाठीतलं_जग
नक्की आणा, मुलं आनंदाने करतील. गाठी मुळापासून तोडू नका, मुळाच्या तुकड्यासकट ठेवा, साल फाटली तर बाहेरचे जंतू आत जातात. लाल निघालेल्या झाडांच्या न कापलेल्या गाठी घ्या, आणि पांढऱ्या निघालेल्या झाडांच्याही घ्या, दोन्ही लागतील. दोन्ही रानांच्या पिशव्या वेगळ्या, आत कागदावर पेन्सिलीने लिहून टाका, शाई ओलीने पसरते. पिशवीला दोन बारीक भोकं पाडा. गाडीत खिडकीच्या उन्हात ठेवू नका, घरी पोचल्यावर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फात नाही.

आमच्याकडं आल्यावर गाठी अल्कोहोल आणि ब्लीचमध्ये धुवून, निर्जंतुक पाण्याने सहा-सात वेळा खंगाळून, ठेचून, काँगो रेड रंग घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉलच्या (जिवाणूंच्या खाद्याच्या) ताटलीवर ओढू. भराभर वाढणारे असतील तर दोन-तीन दिवसांत दिसतील. ब्रॅडीरायझोबियम असतील तर आठवडाभर थांबावं लागेल, त्यामुळे रोज फोन करून विचारू नका. मग तेच जिवाणू निर्जंतुक वाळूत लावलेल्या सोयाबीनला देऊन बघू, कुठल्या रानातला जिवाणू झाड हिरवं ठेवतो ते. डोंबिवलीकर, बिनजिवाणूची एक कुंडी असणारच आहे, मुलीला घेऊन या बघायला.

वाशीम_ते_अंधेरी
मॅडम, मी पुढच्या रविवारी गावी चाललोय. आमच्या रानातल्या आणल्या तर चालतील का? आमच्याकडं तीन वर्षं पाकीट आणि युरिया दोन्ही झालंय.

गाठीतलं_जग
आणा. युरिया कधी आणि किती टाकला ती तारीख पिशवीवर लिहा.